सतरा नंबरचा पस्ताना

दीनानाथ पोतनीस गेले आठ महिने रोज सकाळी बोटं भाजून घेत होते. घरात सांडशी नव्हती असं नाही. सांडशी होती, आणि ती गॅसच्या बरोबर वर, तूरडाळीच्या डब्यामागे, पिवळ्या फडक्यात बांधून ठेवलेली होती. हात वर केला असता तर सापडली असती. पण हात वर करायची सोय नव्हती. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या समजुतीप्रमाणे ती सांडशी तिथून पाऊणशे किलोमीटरवर, कावीच्या समुद्रात, एका होडीत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते अशालाच. फक्त हा कळसा दीनानाथांनी स्वतःच काखेत दडवला होता.

घरातलं दुसरं माणूस म्हणजे त्यांची मुलगी इरा. वय तेवीस, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, आणि स्वभावाने बापासारखी, म्हणजे मनातलं मनात ठेवणारी. बायको, मोहना, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, दोन माणसं, दोन कप चहा आणि एक मोठं दुधाचं पातेलं एवढाच संसार होता. इरा अमेरिकेला जायला निघाली होती आणि तिने जाऊ नये असं दीनानाथांना वाटत होतं. एवढीच गोष्ट. पण ही एवढीशी गोष्ट त्यांना तोंडाने सांगता आली नाही, आणि म्हणून समुद्रापर्यंत जावं लागलं.

सुरुवातीपासून सांगायला हवं. दीनानाथ गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळत होते. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा त्यांनाही हार घालून घरी पाठवलं. घरी बसून माणूस गंजतो म्हणून त्यांनी अलकापुरीतल्या ‘क्षितिज ओव्हरसीज’मध्ये नोकरी धरली. मुलांना परदेशी शिकायला पाठवण्याचं ते ऑफिस. मालक कुशलभाई अमीन, वय एकतीस, केसांना जेल, टेबलावर पृथ्वीचा गोल, आणि तो गोल सतत फिरवायची सवय. दोन हजार चार साल होतं ते. बडोद्यात दर दोन दुकानांआड असं एक ऑफिस निघालं होतं.

कुशलभाईंना एकच रोग होता, गळतीचा. शंभर मुलं नाव नोंदवायची. फोल्डर घ्यायची, विद्यापीठांच्या रंगीत पुस्तकातली हिरवळ बघायची, आईवडिलांबरोबर दोनदा यायची आणि मग तेरड्याचा रंग तीन दिवस. एकाला परीक्षेच्या इंग्रजी शब्दांची भीती वाटली, एकीची आजी आजारी पडली, एकाला गोरव्यातच नोकरी लागली, एकाला नुसतंच कंटाळल्यासारखं झालं. वर्षअखेर शंभरातली तीस राहायची. या सत्तरांना गळू द्यायचं नाही, हे दीनानाथांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक फोन, एक रजिस्टर आणि तीन ठरलेले प्रश्न होते. दर मंगळवारी प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं: फाइल कुठवर आली? अडचण काय आहे? घरचे काय म्हणतात? उत्तरं रजिस्टरमध्ये लिहायची. दीनानाथांनी ती इतक्या निगुतीने लिहिली की कोण का गळलं हे क्षितिज ओव्हरसीजला आता तारीखवार कळत होतं. गळती मात्र तेवढीच राहिली. कुशलभाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आणि गोल फिरवला.

दीनानाथांनी हे गाऱ्हाणं सुभानरावांच्या ओट्यावर बसून सांगितलं. सुभानराव शेजारीच राहायचे. वय एक्याऐंशी, वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि त्या हुद्द्याचा ताठा निवृत्तिवेतनासारखा अजून सुभानरावांना मिळत होता. ते म्हणाले की ही आजकालची मुलं पस्ताना न ठेवता निघतात, मग गळतील नाही तर काय. त्यांच्या वडिलांना दौऱ्यावर जायचं असे तेव्हा मुहूर्त एका दिवसाचा आणि निघणं आठवड्यानंतरचं, असं व्हायचं. मग मुहूर्तावर आपली काठी, सुपारी आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवत. तो पस्ताना. तो ठेवला की माणूस निघाला असं धरायचं. तो घरात जेवतोय, झोपतोय, याला अर्थ नाही. आणि ठेवलेला पस्ताना न जाता परत आणणं म्हणजे वेशीवरून माघारी फिरणं. सुभानरावांच्या माहितीत असं एकाच माणसाने केलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं हे ते संध्याकाळच्या वेळी सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी दीनानाथांनी ही हकिगत ऑफिसात गंमत म्हणून सांगितली. सगळे हसले. कुशलभाई हसले नाहीत. त्यांनी फिरणारा गोल हाताने थांबवला.

“दीनानाथभाई,” ते म्हणाले, “आ तो जोरदार छे.”

आठवड्याभरात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाकडून पस्ताना घ्यायला सुरुवात झाली. हळदकुंकू, सुपारी, तांदूळ आणि स्वतःची एक वस्तू, पिवळ्या फडक्यात, वर नंबराचा पत्रा. पहिल्या खेपेला काही जमलं नाही. मुलांनी जुने रुमाल दिले, रिफिल संपलेली पेनं दिली, एकाने नापास झाल्याची गुणपत्रिका दिली. अशा वस्तू गेल्या काय नि राहिल्या काय. पण दीनानाथ स्टोअर्सचे माणूस. कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: जिच्यावाचून काम अडतं त्याच वस्तूची माणसाला आठवण राहते. त्यांनी दोन नियम केले. वस्तू घरात रोज लागणारी हवी, आणि मूल परदेशी पोचेपर्यंत घरच्यांनी तिच्या जागी दुसरी आणायची नाही. आणली तर पस्ताना मोडला.

मग मात्र यंत्र सुरू झालं. एका मुलाने टीव्हीचा रिमोट दिला. त्याचे आजोबा प्रत्येक चॅनेलसाठी खुर्चीतून उठू लागले आणि आठवड्याभरात नातवाला अभ्यासाला बसवू लागले. डभोईच्या एका दुकानदाराच्या मुलाने पाच किलोचं वजन दिलं. बाप गिऱ्हाइकाला दोन, दोन आणि एक असं करून गहू मोजायचा आणि प्रत्येक मापाला मुलाच्या नावाने हाक मारायचा. फत्तेसिंहराव नावाच्या एका पालकांच्या मुलीने वडिलांच्या कवळीचा खालचा भाग बांधून आणला. ते गृहस्थ दर सोमवारी ऑफिसात येत आणि बोलत काही नसत, नुसते समोर बसत. कुणी सोडायचं म्हटलं की घरचेच उभे राहत. पूर्वी फक्त दीनानाथच फोन करायचे, आता घराघरांतून दीनानाथांनाही फोन येऊ लागले. दिवाळीपर्यंत त्रेसष्ट गाठोडी जमली आणि गळती शून्यावर आली. एका मुलीचं लग्न झालं, ती आणंदला नांदायला गेली, तरी नाव काढून घ्यायची तिची छाती झाली नाही. नवऱ्याला तिने सांगितलं होतं की आपण निघालेलो आहोत.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सुभानरावांना मागाहून आठवलं की पस्ताना एका जागी फार दिवस राहत नाही. राजाला दहा रात्री, मांडलिकाला सात, बाकीच्यांना पाच. तेवढ्यात निघालं नाही तर गाठोडं त्याच दिशेने पुढच्या घरी हलवायचं. व्हिसाला दहा-अकरा महिने लागत. कुशलभाईंनी हे ऐकून डोकं धरलं, आणि मग एक टेम्पो धरला. टेम्पो लक्ष्मणचा. हा दीनानाथांच्याच कारखान्यातला, त्यांच्याबरोबरच हार घालून घरी गेलेला. दर पाच रात्रींनी ऑस्ट्रेलियावाली अठरा गाठोडी डभोईकडे आणि अमेरिका-इंग्लंडवाली पंचेचाळीस पाद्र्याकडे सरकू लागली. फत्तेसिंहरावांनी आपल्या घराण्याचा दाखला आणून सात रात्री मागितल्या. त्या दिल्या गेल्या, पण कवळी लांब राहते आणि सावकाश जाते हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःहून पाचावर सही केली.

आणि ही गडबड नुकती सुरू झाली होती तेव्हाच, सप्टेंबरातल्या एका सकाळी, दीनानाथांनी रजिस्टर उघडलं तर सतराव्या ओळीत नाव होतं: इरा दीनानाथ पोतनीस.

ती आदल्या दिवशी मैत्रिणीबरोबर येऊन नोंदवून गेली होती. दीनानाथ तेव्हा बँकेत गेले होते. संध्याकाळी घरी तिने सांगितलं, दीनानाथ छान म्हणाले, आणि दोघांनी खिचडी खाल्ली. तिने पस्तान्यासाठी सांडशी काढली होती. सकाळी उठून चहा आणि दूध तीच करायची, तेव्हा सांडशी तिचीच वस्तू, असं तिचं म्हणणं. नियमाप्रमाणे बरोबर होतं. नियम कोणाचा, हे दीनानाथांना चांगलं ठाऊक होतं.

त्या रात्री त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दुसऱ्यांची मुलं आपण हाताला धरून बोटीवर चढवतो आणि आपली एक मुलगी त्याच रांगेत येऊन उभी राहते. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं. “जाऊ नकोस” हे दोन शब्द. पण आईवाचून वाढलेल्या मुलीला हे दोन शब्द म्हणणं म्हणजे तिच्या पायात पाय घालणं, असं त्यांना वाटलं. ती आपण होऊन गळली तर गोष्ट निराळी. शंभरात सत्तर गळतात. सत्तरांत तिने यावं, इतकीच त्यांची इच्छा होती.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, मंगळवारचे फोन करताना सतरा नंबर गाळला. फोन केलेल्यांतलीही सत्तर गळत होती, मग न केलेलं एक तर गळेलच, असं त्यांना वाटलं. दुसरी गोष्ट सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. सतरा नंबरचं गाठोडं त्यांनी टेम्पोत न घालता स्कूटरच्या डिकीतून घरी आणलं आणि डाळीच्या डब्यामागे ठेवलं. एरवी ते अशा गोष्टी मानणारे नव्हते. घरात मांजर आडवं गेलं तर ते मांजराची विचारपूस करत. पण पस्तानाच उंबऱ्याबाहेर पडला नाही तर मुलगी कशी पडेल, एवढा हिशेब त्यांच्या मनाने त्यांना न विचारता केला. हसायचं तर हसा. ज्याच्या घरात एकच पोर असतं तो हसणार नाही.

रजिस्टरमध्ये मात्र ते इमानाने लिहीत होते: सतरा नंबर, गोत्री. सतरा नंबर, पाद्रा. इरा जेवताना विचारायची की सांडशी कुठवर आली, आणि दीनानाथ घास गिळून गावाचं नाव सांगायचे. तिने परीक्षा दिली, चांगले गुण मिळाले. अर्ज गेले. डिसेंबरात ती दोन दिवस गप्प गप्प होती, जानेवारीत एकदा फाइल टेबलावर तशीच टाकून झोपली. दीनानाथांच्या आशेला पालवी फुटली. त्यांनी काही विचारलं नाही. ती पुन्हा फाइल उचलून बसली. या सगळ्या काळात ते सकाळी तिच्या आधी उठून दूध तापवू लागले होते, म्हणजे निदान ती घरात आहे तोवर तिची बोटं भाजू नयेत. स्वतःची भाजत.

इकडे लक्ष्मणने घोळ घातला. हिशेबाप्रमाणे गाठोडी दर खेपेला एखादा किलोमीटर सरकवायची होती. पण एक किलोमीटरसाठी टेम्पो चालू करायची त्याला लाज वाटे. तो दोन किलोमीटर जायचा, कधी तीन. फेब्रुवारीत गाठोडी जंबुसरला पोचली आणि मार्चमध्ये कावीला. पुढे समुद्र. अमेरिका समोरच, पण मध्ये पाणी. बरं, तिथला समुद्र ओहोटीला मैलभर मागे जातो, म्हणून लक्ष्मणने हुशारी करून गाठोडी चिखलात पुढे नेऊन ठेवली. भरती आली तशी ती छातीशी धरून पळत मागे आणली. सुभानराव ही माघार धरायला निघाले. चव्वेचाळीस पस्ताने एका दुपारीत बाद होता होता राहिले. शेवटी कुशलभाईंनी एका मच्छीमाराची होडी ठरवली. गाठोडी होडीत चढली आणि दर पाच रात्रींनी तो मच्छीमार, भारतीय उपखंडातला सगळ्यात गोंधळलेला मच्छीमार, नांगर उचलून होडी एका वल्ह्याइतकी अमेरिकेकडे सरकवू लागला. मासे मिळत नाहीत अशी त्याची तक्रार नव्हती. कवळी रात्री वाजते, एवढीच होती.

मे महिन्यात त्रेसष्टांपैकी पहिला व्हिसा आला. सतरा नंबरला.

दीनानाथ तिच्याबरोबर मुंबईला गेले होते. अमेरिकन वकिलातीसमोरच्या फुटपाथवर पिशवी धरून उभे होते आणि आत बसलेल्या अधिकाऱ्याने नाही म्हणावं म्हणून त्यांनी कधी नव्हे ते देवाला साकडं घातलं. इरा बाहेर आली आणि तिने लांबूनच हात वर केला. दीनानाथांनीही केला. आपण देवाकडे असं मागितलं याची त्यांना परतीच्या गाडीत इतकी लाज वाटली की सुरतेला त्यांनी तिला न विचारता दोन आइस्क्रीमं आणली.

कुशलभाईंना आनंद मावेना. रविवारी ऑफिसात समारंभ ठरला. सगळे पालक येणार, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार, लक्ष्मण कावीहून सतरा नंबरचा पस्ताना आणणार आणि तो सर्वांसमोर इराच्या हाती देणार. दीनानाथ घाईघाईने म्हणाले की लक्ष्मणने कशाला, मीच जाऊन आणतो. कुशलभाईंना गहिवरून आलं. ते म्हणाले, बाप छे ने.

शनिवारी सकाळी इरा फोटो आणायला बाहेर गेली. दीनानाथांनी दूध गॅसवर ठेवलं आणि उद्या काय करायचं याचा विचार करत बसले. गाठोडं गुपचूप स्कूटरवर टाकायचं, कावीहून आणलं म्हणायचं, संपलं. पण मग ती जाणार. आठ महिने सांभाळलेली ती डब्यामागची जागा उद्या रिकामी होणार आणि ऑगस्टमध्ये घर. हा विचार चालू असताना दूध वर आलं. बोटांना तीन ठिकाणी पट्ट्या होत्या, फडकं ओलं होतं, गॅसचं बटण महिनाभर अडकत होतं. दुधाने कड गाठली तेव्हा दीनानाथांचा हात आपसूक वर गेला, डाळीचा डबा बाजूला झाला, गाठ सुटली, तांदूळ ओट्यावर सांडले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पातेलं नीट उतरवलं. किती सोपं होतं ते. ते पातेलं धरून क्षणभर तसेच उभे राहिले.

“बाबा,” मागून इरा म्हणाली, “ही तर कावीला आहे ना?”

फोटोवाल्याचं दुकान बंद होतं.

“आहे,” दीनानाथ म्हणाले.

“मग हातात काय आहे?”

दीनानाथांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. स्टोअर्समधल्या माणसाला वस्तू ओळखता येत नाही असं म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं.

“तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. मी तो पस्ताना पाठवलाच नाही.”

इरा चिडेल, रडेल, असं त्यांना वाटलं. ती स्टुलावर बसली आणि ओट्यावरचे तांदूळ गोळा करू लागली.

“साठ जणांना तुम्ही दर मंगळवारी फोन करता,” ती म्हणाली. “मला एकदाही केला नाहीत. मी तीनदा सोडायचं ठरवलं होतं, बाबा. डिसेंबरात, जानेवारीत आणि परवा मुंबईला रांगेत. मला भीती वाटत होती. दर मंगळवारी वाटायचं, आज विचारतील. तुम्ही सगळ्या बडोद्याला विचारलंत.”

ज्या गोष्टीसाठी आठ महिने बोटं भाजली ती गोष्ट डिसेंबरातच दारात येऊन उभी होती, फक्त विचारायचं होतं. दीनानाथांना हे कळलं. आता तरी ते म्हणू शकत होते. ती सोडायला तयार होती. जाऊ नकोस म्हटलं असतं तर राहिलीही असती. दोन शब्द होते, आणि अजूनही त्यांचा उपयोग झाला असता.

त्यांनी चष्मा लावला, फ्रिजवरची पेन्सिल घेतली आणि समोरचं स्टूल ओढून बसले.

“सतरा नंबर,” ते म्हणाले. “फाइल कुठवर आली?”

इराने वर पाहिलं. “व्हिसा झाला.”

“अडचण काय आहे?”

“भीती वाटते. तुम्ही एकटे राहाल.”

“ते लिहून घेतो,” दीनानाथ म्हणाले. “घरचे काय म्हणतात?”

“घरचे काही बोलतच नाहीत.”

दीनानाथांनी पेन्सिल खाली ठेवली. हाच रकाना ते साठ घरांसाठी भरत आले होते.

“घरचे म्हणतात, जा,” ते म्हणाले. “घरच्यांना वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण जा.”

मग दोघं रडली, आणि ते दूध त्या दिवशी नासलं, कारण कुणी झाकलंच नाही.

रविवारी दीनानाथांनी गाठोडं नेऊन टेबलावर ठेवलं. कुशलभाईंनी ते नाकाशी धरलं. समुद्राचा वास येईना. दीनानाथांनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन खरं काय ते सांगितलं. कुशलभाई पांढरे पडले. पस्ताना घरातून हललाच नाही आणि व्हिसा मात्र सगळ्यात आधी आला, हे बाहेर कळलं तर उद्या बासष्ट घरं आपापल्या वस्तू मागायला येतील, आणि फत्तेसिंहराव तर बाहेर पहिल्या रांगेतच बसले होते. ते दोन मिनिटं गोल फिरवत राहिले. मग त्यांनी गाठोड्यावर ग्लासभर पाणी ओतलं, त्यात टेबलावरच्या पॅटिसचं मीठ टाकलं, आणि बाहेर जाऊन समारंभ पार पाडला. फोटोत इरा हसते आहे आणि फडक्यातून पाणी ठिबकतं आहे. त्या महिन्यात आणखी एकोणचाळीस नावं नोंदली गेली.

इराने गाठोडं घरी आणलं, वाळत घातलं, सांडशी पुसून पुन्हा नव्या तांदळात बांधली आणि सुभानरावांच्या ओट्यावर गेली. तिने विचारलं की परतीचा पस्ताना निघायच्या आधीच ठेवता येतो का. सुभानरावांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस घेतले, तीन पंचांगं चाळली आणि सांगितलं की कुठे नाही म्हटलेलं नाही. मात्र पाच रात्रींचा नियम लागू राहील, गाठोडं घराच्या दिशेने, म्हणजे आतल्या अंगाला, सरकत राहिलं पाहिजे. आणि दुसरी सांडशी आणली तर मोडला.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. दोन वर्षांत पाच-पाच रात्रींच्या एकशे सेहेचाळीस खेपा होतात. उंबऱ्यापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत दीनानाथांनी टेप लावून मोजलं, एकतीस फूट. भागाकार त्यांनी दोनदा केला. दर खेपेला अडीच इंच. लक्ष्मणच्या चुकीचा अनुभव असल्यामुळे हे काम त्यांनी कुणावर सोपवलं नाही.

ऑगस्टच्या अकरा तारखेला इराने गाठोडं उंबऱ्याच्या आत स्वतःच्या हाताने ठेवलं आणि ती गेली. दिवाळीला ते चपलांच्या स्टँडच्या पुढे, उंबऱ्यापासून तीन फुटांवर, बरोबर वाटेत होतं. फराळाला येणारे त्याला वळसा घालून बसत. उचलून बाजूला ठेवू का, असं कुणी विचारलं की दीनानाथ इतके दचकत की तो माणूस हात मागे घेई. दूध ते रोज तापवत. बोटांना पट्ट्या होत्याच.

दर मंगळवारी सकाळी साडेआठला फोन वाजे. तिथे तेव्हा सोमवारची रात्र असायची. पहिले दोन मंगळवार दीनानाथांनी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या मंगळवारी तिने ते काढून घेतले. दिवाळीच्या मंगळवारीही तीच विचारत होती.

“फाइल कुठवर आली, बाबा?”

“टीपॉयच्या पहिल्या पायाशी. शुक्रवारी अडीच इंच जाईल.”

“अडचण काय आहे?”

“वाटेत सोफा येतोय. जानेवारीत तो हलवावा लागेल. लक्ष्मणला सांगून ठेवलंय.”

“आणि घरचे काय म्हणतात?”

दीनानाथांनी उरलेल्या जमिनीकडे पाहिलं. अठ्ठावीस फूट होती.

“घरचे म्हणतात, बोटं भाजतात,” ते म्हणाले. “पण दुसरी आणणार नाहीत.”